फाईल कोणाच्या हाती?

रविवारची मिस्सा संपता संपता एक आवाहन वाचून दाखविले जाते. आपल्या कानांना ते आता सवयीचे झाले आहे. अमुक आळीतील अमुक गृहस्थ, वय पंचावन्न, दोन्ही मूत्रपिंडे निकामी, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, कुटुंबाची परिस्थिती बेताची. तरी भाविकांनी उदार हस्ते मदत करावी. आपण मदत करतो. कोणी शंभराची नोट टाकतो, कोणी पाकीट नेऊन देतो, एखादे मंडळ नाटकाचा प्रयोग लावून चार पैसे उभे करते. या दातृत्वाची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात याच ओंजळीतले मीही घेतले आहे. तथापि अलीकडे ते आवाहन ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. आपली मूत्रपिंडे बिघडत चालली आहेत हे या गृहस्थाला प्रथम कधी कळले असेल? आणि त्याच्या आधी ते किती जणांना ठाऊक होते?

हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारला आहे. त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते मला भूषणावह नाही.

२००८ सालच्या पावसाळ्यात वडिलांच्या पायांवर सूज दिसू लागली. मधुमेह दहा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले. अहवालात क्रिएटिनिनपुढे १.९ असा आकडा होता. डॉक्टरांनी बाबांना आतल्या खाटेवर कपडे नीट करावयास ठेवून मला बाहेर बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "किडनीचे थोडे सुरू झाले आहे. त्यांना काही बोलू नका, उगाच हाय खातील. आणि पेनकिलर टाळा." मी मान डोलावली. घरी येऊन आईला सांगितले. धाकट्या भावाला सांगितले. दुबईच्या बहिणीला फोन करून सांगितले. तिने तिच्या नवऱ्याला सांगितले. फाईल आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली गेली. ज्यांच्या देहात ती दोन मूत्रपिंडे होती ते गृहस्थ तेवढे या सभेला नव्हते.

बाबांचे गुडघे दुखत. वाडीत दिवसभर उकिडवे बसणाऱ्या माणसाचे ते दुखायचेच. नाक्यावरच्या मेडिकलमधून ते डायक्लोफिनॅकची पट्टी आणीत आणि न्याहारीनंतर एक गोळी घेत. मी त्यांना म्हणालो, "बाबा, त्या गोळ्या फार घेऊ नका." का घेऊ नका, हे मी सांगितले नाही. कसे सांगणार? कारण सांगावयाचे तर आजार सांगावा लागला असता. बाबांनी ते बोलणे मुलाच्या नेहमीच्या कटकटीत जमा केले, आणि गोळी चालू राहिली. अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात; निरोगी माणसाचे त्यावाचून फारसे अडत नाही, पण ज्याची मूत्रपिंडे आधीच अर्ध्यावर आली आहेत त्याला त्या महागात पडतात. हे मला नंतर कळले. बाबांना त्याहूनही नंतर.

२०१० साली न्यूमोनियाने ते आठवडाभर रुग्णालयात होते. डाव्या हातात सलाईन, डाव्याच हातातून रोज रक्त. पुढे डायलिसिस लागण्याचा संभव असलेल्या माणसाचा एक हात, बहुधा ज्याने तो लिहीत नाही तो, सुयांपासून राखून ठेवायचा असतो. त्याच हातात धमनी व शीर जोडून 'फिस्टुला' तयार करावयाचा असतो, आणि तो वापरण्याजोगा होण्यास सहा आठवड्यांहून अधिक काळ लागू शकतो. "माझ्या या हाताला सुई लावू नका," एवढे एक वाक्य बोलण्यास बाबा पूर्ण समर्थ होते. ते बोलावयाचे आहे हेच त्यांना माहीत नव्हते. २०११ च्या मे महिन्यात क्रिएटिनिन ८.६ वर गेले, श्वास लागला, रात्री त्यांना नेले आणि मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झाले. शल्यविशारदाने डावा हात चाचपून पाहिला व मान हलविली. त्या मानेतल्या नळीतून दोनदा जंतुसंसर्ग झाला.

शुद्धीवर आल्यावर सर्व कळले तेव्हा बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर गोळ्या सोडल्या असत्या. गुडघे काय, दुखले असते."

वाचकहो, हे घरगुती गाऱ्हाणे आपल्यापुढे मांडण्याचे कारण असे की ते केवळ माझ्या घरचे नाही. मी गेली काही वर्षे अशा रुग्णांच्या घरी जाऊन बसतो. बहुतेक घरांत फाईल मुलाच्या हाती, सुनेच्या हाती किंवा नवऱ्याच्या हाती असते. डॉक्टर बोलतात तेही फाईल धरणाऱ्याशी. रुग्ण खुर्चीवर बसलेला असतो आणि आपल्याविषयी चाललेले बोलणे, शाळेत पालकसभेला नेलेल्या मुलाने ऐकावे तसे, ऐकत असतो. या प्रकाराला आपण माया म्हणतो. माझे म्हणणे असे आहे की ही माया रुग्णाच्या मूत्रपिंडांना डायक्लोफिनॅकइतकीच मारक ठरते, आणि ती आता सोडली पाहिजे.

काही आजार असे असतात की त्यांत रुग्णाने निपचित पडून राहावे व डॉक्टरने काय ते करावे. अपेंडिक्स कापावयाचे असेल तर रुग्णाच्या ज्ञानाने फारसा फरक पडत नाही. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार त्या जातीचा नव्हे. तो वर्षानुवर्षे चालतो, आणि त्याची खरी लढाई दवाखान्यात होतच नाही. साधा हिशेब करून पाहा. तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरांची भेट, ती दहा मिनिटांची. मधल्या नव्वद दिवसांचे तास होतात दोन हजार एकशे साठ. डायलिसिसच्या रुग्णाचेही तसेच: आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास, त्यांपैकी यंत्रापाशी बारा. उरलेले एकशे छप्पन्न तास मीठ किती, पाणी किती, गोळी घेतली की राहिली, रक्तदाब मोजला की नाही, हे सर्व कोण ठरवितो? जो हे ठरवितो तोच त्या आजाराचा रोजचा वैद्य. त्याला अंधारात ठेवून आपण कोणत्या वैद्याची अपेक्षा करतो?

या आजाराचा कावा असा की तो प्रारंभी दुखत नाही. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातला बहुतेक परत शोषून घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. ही शक्ती निम्म्यावर आली तरी माणूस चालतो, हसतो, लग्नाच्या वरातीत नाचतो. म्हणून लक्षणांवर विसंबून चालत नाही, आकडे पाहावे लागतात. आणि आकड्यांतही एक मेख आहे. क्रिएटिनिन १ वरून २ वर गेले तर आपण म्हणतो, एकाने वाढले. वस्तुतः क्रिएटिनिन दुप्पट झाले म्हणजे गाळण्याची शक्ती साधारण निम्मी झाली. पुढे ते ७ वरून ८ वर जाते तेव्हा घरात रडारड होते. पण घालविण्यासारखे जे होते ते त्या पहिल्या, मुकाट्याने झालेल्या वाढीतच गेलेले असते. बाबांच्या १.९ ला डॉक्टर 'थोडे' म्हणाले होते. ते थोडे नव्हते.

म्हणूनच आता प्रयोगशाळा क्रिएटिनिनबरोबर 'जीएफआर' नावाचा आकडा देतात. वय, स्त्री की पुरुष, व क्रिएटिनिन यांवरून काढलेला तो अंदाज असतो. निरोगी तरुणात तो शंभराच्या आसपास. साठच्या खाली तीन महिने राहिला तर दीर्घकालीन आजार. तीसच्या खाली चौथी पायरी. पंधराच्या खाली पाचवी. पासष्ट वर्षांच्या एखाद्या बाईच्या अहवालात क्रिएटिनिन १.५ दिसते आणि घरातले म्हणतात, जरासेच जास्त आहे. तिचा जीएफआर मात्र चाळिशीच्या आत गेलेला असतो. दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिनची. चाळणीला भोके पडू लागली की हे प्रथिन गळू लागते, आणि क्रिएटिनिन हलण्यापूर्वीच ते धोका सांगू शकते. ज्याला मधुमेह वा रक्तदाब आहे त्याने या दोन तपासण्या वर्षातून एकदा करून घ्याव्यात. महागड्या नाहीत. हे एवढे कळावयास वैद्यकीची पदवी लागत नाही.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. माणूस खचेल. काही माणसे खचतात हे मी नाकारीत नाही. परंतु न सांगितल्याने भीती टळते हा भ्रम आहे. ती फक्त एकाकी होते. घरातली कुजबुज, आपण आत आल्यावर बदललेला विषय, बहिणीने अकस्मात परदेशाहून पाठविलेले पैसे, हे सर्व आजारी माणसास दिसते. बाबांना दिसत होते. त्यांनी स्वतःशी कॅन्सर ठरवून टाकला होता, असे त्यांनी मला पुढे सांगितले. तीन वर्षे ते नसलेल्या रोगाला भीत राहिले आणि असलेल्या रोगाला खतपाणी घालीत राहिले.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो व मला तो अधिक झोंबतो. म्हणे, आपली जुनी माणसे शिकलेली नाहीत, त्यांना हे आकडे काय कळणार? माझे वडील चौथी शिकलेले होते. परंतु पानवेलीचे एक पान उलटे करून पाहून वेलीला मुळाशी काय झाले आहे ते सांगत. कोणत्या वाफ्याला किती पाणी, कोणत्या दिवशी किती करंड्या पाने गेली, दलालाने किती कापले, हे चाळीस वर्षे त्यांनी चोपडीत लिहून ठेवले होते. आपल्या वसईच्या वाड्या या माणसांनी उभ्या केल्या. त्यांना क्रिएटिनिन कळत नाही असे म्हणताना आपल्याला, चार इंग्रजी शब्द शिकलेल्या त्यांच्या मुलांना, लाज वाटली पाहिजे. कळत नाही हे बहुधा खरे नसते. सांगावयास आपल्याला वेळ नसतो हे खरे असते.

डायलिसिस सुरू झाल्यावर बाबांनी नवी चोपडी घातली. सकाळचे वजन, रक्तदाब, दिवसात प्यायलेले पाणी. पाणी ते एका बाटलीतूनच घेत, चहासुद्धा त्यातून वजा करीत. दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन फार वाढले तर ते अंगात साठलेले पाणी असते. ते चार तासांत उपसून काढताना रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, हृदयाला ताण पडतो. बाबांचे वजन दीड किलोच्या वर क्वचितच वाढे. तेथील परिचारिका इतर रुग्णांना सांगत, त्या वसईच्या आजोबांना विचारा ते काय करतात. चौथी शिकलेला माणूस तिथे मास्तर झाला होता. हे ज्ञान तीन वर्षे आधी मिळाले असते तर काय झाले असते याचा विचार मी रात्री करीत नाही असे नाही.

जे मी म्हणतो आहे ते जगाला नवे नाही. डायलिसिसच्या इतिहासातच त्याचा दाखला आहे. नेदरलँड्समध्ये जर्मन ताब्याच्या काळात, १९४३ साली, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन वापरून पहिले कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड बनविले. १९६० साली अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसवून पुनःपुन्हा डायलिसिस करणे शक्य केले. यंत्रे मोजकी, मरणारे पुष्कळ. तेव्हा कोणाला जगवायचे हे ठरविण्यासाठी तेथे सामान्य नागरिकांची एक समितीच नेमली गेली. १९६४ साली सोळा वर्षांच्या एका मुलीला त्या व्यवस्थेत जागा नव्हती. अभियंता आल्बर्ट बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार महिन्यांत घरी वापरता येईल असे यंत्र तयार केले, आणि त्या मुलीचे डायलिसिस घरी होऊ लागले. त्याच सुमारास लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन रुग्णांना आपले यंत्र आपण चालवावयास शिकवीत होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील डायलिसिसच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के ते घरीच करीत असत. पुढे १९७३ पासून सरकारी पैसा मिळू लागला, केंद्रे उभी राहिली, आणि यंत्र रुग्णाच्या हातून पुन्हा काढून घेतले गेले. रुग्ण अडाणी झाला म्हणून नव्हे. ती व्यवस्था चालविणाऱ्यांना सोयीची होती म्हणून.

स्वीडनमध्ये योनशॉपिंग येथे २००५ साली एका रुग्णाने परिचारिकेला विचारले की हे यंत्र मला चालवावयास शिकवाल का. तिने शिकविले. पाठोपाठ सत्तरी ओलांडलेला दुसरा रुग्ण शिकला. पुढे रुग्णांनी स्वतःचे डायलिसिस स्वतः करावे यासाठी त्या रुग्णालयात स्वतंत्र विभाग उभा राहिला. स्वीडन कोठे आणि आपण कोठे, असे कोणी म्हणेल. मला इतकेच दाखवावयाचे आहे की सुरुवात रुग्णाच्या एका प्रश्नाने झाली. आपल्याकडे तो प्रश्न विचारण्याआधीच मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो."

आपल्याकडे तर यंत्रावाचूनचाही एक मार्ग आहे. पोटाच्या आतील पडद्यातून होणारे डायलिसिस घरी करता येते. पोटात बसविलेल्या नळीतून दिवसातून तीन-चार वेळा द्रवाची पिशवी बदलावयाची. सर्वांना ते जमत नाही, स्वच्छता काटेकोर लागते, पिशव्यांचा खर्च असतो. परंतु गावाहून रुग्णालय दूर असलेल्यास ते वरदान ठरू शकते. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ मध्ये त्याचाही समावेश करण्यात आला. किती रुग्णांना निवड करण्यापूर्वी हे सांगितले जाते? बाबांना सांगितले गेले नव्हते. मानेत नळी घालण्याच्या रात्री निवड राहत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ, कारण या आजाराचा निम्मा दवाखाना तेथे आहे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी, मीठ खाण्यास सांगते. आपल्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून खारवलेली मासळी, लोणचे, पापड, वर बेकरीचा पाव. या रोगात मिठाने रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब उरलेल्या चाळण्या फोडतो. मीठ कमी करावयाचे म्हणून कोणी बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ आणतो. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे थकलेली असली की पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके थांबवू शकते.

आणि आजाऱ्याला भेटावयास जाताना आपण काय नेतो? शहाळे. संत्री. केळी. गावचे कोणी प्रेमाने सुकेळी बांधून आणतो. ही सर्व पोटॅशियमने भरलेली. बाबांच्या खाटेखाली पहिल्या आठवड्यात सात शहाळी जमली होती. परिचारिकेने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. आंबट-गोड कमरखाचे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या मेंदूवर विषासारखे काम करते. त्याने उचकी, भ्रम, झटके येऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. आजाराच्या पहिल्या पायऱ्यांवर असलेल्या पुष्कळांना फळे बंद करण्याची गरज नसते. ऐकीव माहितीवर त्यांची फळे-भाज्या तोडणे हाही अन्यायच. तसेच पाण्याचे. 'भरपूर पाणी पी, किडनी धुऊन निघेल' हा सल्ला सुजलेल्या माणसाला दमछाकीपर्यंत नेतो, आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाचे पाणी तोडणेही तितकेच चूक. कोणाला काय, हे ज्याच्या त्याच्या आकड्यावरून ठरते. आकडा रुग्णाला ठाऊक असेल तर तो शहाळे घेऊन आलेल्या पाहुण्याला हसून सांगू शकतो, "मला चालत नाही, तुम्हीच प्या."

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरातला पुरुष आजारी पडला की सबंध घराचे मीठ कमी होते. बाई आजारी पडली की ती सर्वांसाठी नेहमीसारखे शिजविते आणि स्वतःपुरते अळणी बाजूला काढते. कंटाळा आला की तेही काढीत नाही. मी पाहिलेल्या घरांत हे इतक्या वेळा दिसले आहे की त्याला योगायोग म्हणवत नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरमंडळींचा. अर्धवट ज्ञान घातक. रुग्ण इकडचे तिकडचे वाचतात आणि औषधे बंद करून काढ्यांच्या मागे लागतात. खरे आहे. किडनी 'पूर्ववत' करून देण्याची हमी घेणाऱ्यांचे चूर्ण आपल्या गावांतही खपते, आणि काही भस्मांत जड धातू सापडले आहेत. परंतु माणूस भोंदूकडे का जातो? भोंदू त्याच्याशी अर्धा तास बोलतो म्हणून. डॉक्टरांकडे बाहेर साठ माणसे ताटकळत असतात हे मला दिसते, मी त्यांना खलनायक ठरवीत नाही. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे लघवीतून जाणारे प्रथिन कमी करतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतात, हे २०१९-२० पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखविले. हाती अशी साधने आली असताना गोळी कशासाठी आहे हे न सांगता ती लिहून देणे म्हणजे ती निम्मी फुकट घालविणे. बरे वाटते म्हणून रुग्ण ती सोडतो. आणि जुलाब-वांत्यांनी शरीर कोरडे पडले असता ज्या गोळ्या थांबविण्यासाठी डॉक्टरांना विचारावयाचे, त्याही निष्ठेने घेत राहतो. राजकोटचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांनी रुग्णांसाठी सोप्या भाषेत पुस्तक लिहिले आहे. ते मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरांना वेळ नसेल तर निदान असे एखादे पुस्तक टेबलावर असू द्यावे.

एक धोका मात्र मला मान्य आहे. 'आपले आरोग्य आपल्या हाती' ही घोषणा सोयीने वापरली जाते. रुग्णाचे काही बिघडले की, पथ्य पाळले नाही, असे म्हणून हात झटकता येतात. ज्याच्या घरी रक्तदाबाचे यंत्र नाही, ज्याला कामावरची रजा मिळत नाही, त्याला वहीचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. मी तसला उपदेश करीत नाही. रुग्णाला आकडा द्या, कारण द्या, साधन द्या, आणि मग निर्णय त्याचा राहू द्या. त्याने सणाच्या दिवशी एक सुके बोंबील खाल्ले तर तोही त्याचा निर्णय.

हा उपकार नव्हे, हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला की सज्ञान स्त्री भुलीखाली असताना, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या आईची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. आईची नाही, तर मग मुलाची कशी? न्यायालयाने जे आईला नाकारले ते आपण रोज दवाखान्याच्या बाकावर बसून करीत आहोत.

मिस्सेनंतरचे आवाहन थांबवा असे मी म्हणणार नाही. पण त्याच चर्चच्या सभागृहात मार्च महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, २००६ पासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या दिवशी, रक्तदाबाचे यंत्र आणि लघवी तपासण्याच्या पट्ट्या घेऊन एक परिचारिका बसावयास काय हरकत आहे? आपल्या घराघरांत परिचारिका आहेत, कित्येक आखातात व विलायतेत नोकऱ्या करून परतल्या आहेत. एका डायलिसिसग्रस्त कुटुंबासाठी आपण जेवढे जमवितो, त्याच्या एका लहान हिश्शात साऱ्या धर्मग्रामातील मधुमेही तपासून होतील. आणि तपासलेल्या प्रत्येकाचा आकडा त्याच्याच हाती, त्याच्याच वहीत लिहून द्यावा. मुलाच्या मोबाईलवर पाठवू नये.

बाबा २०१३ च्या ऑक्टोबरात गेले. चोपडीतली शेवटची नोंद आदल्या दिवशीची आहे: वजन, रक्तदाब, पाणी पाऊण लिटर.

गेल्या वर्षी आमच्या दुबईच्या बहिणीला, आता ती वसईतच असते, तपासणीनंतर मी तज्ज्ञांकडे घेऊन गेलो. तिलाही मधुमेह आहे. तज्ज्ञांनी कागद पाहिले, चष्मा कपाळावर चढविला आणि माझ्याकडे वळून बोलू लागले. बहीण म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पेशंट मी आहे. माझा जीएफआर किती?" ते क्षणभर थांबले. मग खुर्ची तिच्याकडे फिरवून म्हणाले, "बावन्न." तिने पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि आकडा लिहून घेतला. मग तिने विचारले, मागच्या वर्षी किती होता.